पोलंडशी आमचं बरं आहे

गुरुजींना भेटायची वेळ मागितली की ते म्हणतात, “साडेतीनला या. भारतीय वेळ.” आपण आणि ते पाथर्डीच्या एसटी स्टँडवर समोरासमोर उभे असतो, दोघांच्या मनगटावर एकच वेळ असते, तरी ‘भारतीय वेळ’ हे शेपूट लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. सुरुवातीला लोक हसायचे. आता चहाचा टपरीवालासुद्धा “उधारी कव्हा देणार? भारतीय वेळ सांगा” असं विचारतो.

असे गुरुजी आता नगर जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांत एखादा तरी सापडतो. (जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, जीभ अजून नगरच म्हणते.) त्यांची पैदास कधी झाली हे मला नक्की माहीत आहे. डिसेंबर २०२० मध्ये, शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून देत असल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी जिल्ह्यातल्या गुरुजनांत दोन तट पडले. एक तट रात्री उशिरापर्यंत उरलेल्या निम्म्यावर इन्कम टॅक्स किती बसेल याचा हिशेब करत होता. दुसऱ्या तटानं आपणही परदेशी शाळांशी बोलावं म्हणून गपचूप मोबाइलवर स्काइप उतरवून घेतलं. आमचे गुरुजी दुसऱ्या तटातले. पुढं मे २०२५ मध्ये स्काइपच बंद पडलं, पण गुरुजी काही बंद पडले नाहीत.

शाळा डोंगराच्या कडेच्या वाडीवरची. चौथीपर्यंत, द्विशिक्षकी. एक गुरुजी आणि दुसऱ्या बाई. गुरुजी जगाशी संपर्कात असतात तेव्हा चारही वर्गांशी संपर्क बाई ठेवतात. गुरुजींच्या अंगात भर एप्रिलमध्येही जाकीट. जाकिटावर दोन झेंड्यांची पिन, त्यातला एक झेंडा कायम आपला आणि दुसरा चालू देशाचा. एका खिशात शाळेची माहिती भरायचा फोन, दुसऱ्यात परदेशाचा. पहिला सारखा वाजतो: खिचडीचा आकडा, आधारची माहिती, ‘तात्काळ’, ‘अतितात्काळ’, ‘आजच’. दुसरा फारसा वाजत नाही. तो वाजला की गुरुजी केस सारखे करून उचलतात.

ऑफिसच्या भिंतीवर पाच घड्याळं आहेत. तालुक्याच्या एका पतसंस्थेनं दिलेली, त्यामुळं वॉर्सा, टोकियो, लंडन, न्यूयॉर्क आणि नगर या पाचही ठिकाणी काट्यांच्या मागून एकच चेअरमन हसतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर पुढं जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागं येतात, हे गुरुजींना पहिल्या वर्षी कळलं ते सव्वीस पोरं अंघोळी करून, तेल लावून रिकाम्या पडद्यासमोर बसली तेव्हा. तेव्हापासून वॉर्सा पुढंमागं करायचं काम चौथीच्या मॉनिटरकडं आहे. टोकियोचा सेल संपलाय; तिथं कायम पावणेसात. तिकडून कुणाची तक्रार आली नाही.

खरी अडचण घड्याळाची नाहीच, आपल्या उन्हाळ्याची आहे. थंडीत दुपारचे तीन म्हणजे पोलंडचे सकाळचे साडेदहा, दोन्ही शाळा ताज्या. उन्हाळ्यात मात्र आमची शाळा सकाळची होते, साताला भरते आणि पोलंड जागं होऊन तोंड धुतंय तोवर सुटायला येते. मग पोरांना घरी जेवायला पाठवून भर दुपारी एकला परत बोलवायचं. पोरं येतात, पंखा लाइटीवर अवलंबून, लाइट कुणावर अवलंबून ते कुणालाच माहीत नाही, आणि तरी एकही पोर चुकत नाही. गणिताला बोलावलं असतं तर आली असती का, असं बाई विचारतात. गुरुजी ऐकू न आल्यासारखं करतात.

एवढा खटाटोप कशासाठी? गुरुजी भाषणात सांगतात ते वेगळं. त्यात वैश्विक नागरिक वगैरे असतात. खासगीत सांगतात ते असं: रोज सकाळी पावणेनऊला वाडीच्या फाट्यावर इंग्लिश मीडियमची पिवळी गाडी येते. त्या गाडीत एक पोर चढलं की आमचा पट एकानं उतरतो. वीसच्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार सरकारनं २०२३ मध्ये बोलून दाखवला, तेव्हापासून गुरुजी रात्री झोपेतही पट मोजतात. सव्वीस म्हणजे धोक्याच्या रेषेवर सहा पोरं. पिवळ्या गाडीपुढं टाय-बूट चालत नाही, तिथं काहीतरी त्याहून जबर लागतं. परदेश!

पहिला प्रयत्न इंग्लंडचा झाला. तिकडच्या शाळेनं मोठ्या प्रेमानं खोकं पाठवलं. त्यात वापरलेले खडू, अर्धे रंग आणि लोकरीची टोपडी. वाडीनं टोपडी घातली, फोटो झाले, फोटो गेले. मग तिकडून आणखी फोटोंची मागणी आली. पोरं टोपडी घालून वाचताना, टोपडी घालून हसताना. व्हिडिओवर तर आमची पोरं मिठाची गुळणी धरून बसली. समोरून फाडफाड इंग्रजी आणि इकडून फक्त “येस”. तिसऱ्या खोक्याला गुरुजींनी हात जोडले.

नगरला हे सगळं ओळखीचं असायला हवं. अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं इथं १८३१ मध्ये पडलं. मिशनच्या सिंथिया फरार बाई १८३९ मध्ये मुंबईहून नगरला आल्या, १८६२ मध्ये इथंच वारल्या, आणि सावित्रीबाई फुले शिकवायचं कसं ते शिकल्या त्या त्यांच्याच संस्थेत. त्या बाईंचे उपकार फिटायचे नाहीत. पण त्या व्यवहारात पैसे बोस्टनहून निघायचे आणि इथून जायचा तो अहवाल. कोणती मुलगी किती शिकली, किती सुधारली. गुरुजी हा इतिहास सांगतात आणि वर म्हणतात, “दोनशे वर्षं आपण अहवालच पाठवतोय राव. जरा त्यांनाही अभ्यास देऊ की.” एवढं बोलून ते पहिल्या खिशातला फोन काढतात आणि खिचडीचा अहवाल पाठवतात.

पोलंड जमलं याचं कारण गुरुजींनी भाषणात आजवर सांगितलेलं नाही. पोलंडच्या पोरांचंही इंग्रजी कच्चं निघालं. पहिल्याच दिवशी तिकडच्या एका पोरानं वाक्य सुरू केलं, मधेच अडकला, आ वासून तिकडच्या बाईंकडं बघायला लागला. आमची सव्वीसच्या सव्वीस पोरं खुलली. अरे, हा तर आपल्यातलाच! तिथून पुढं गाडी थांबलीच नाही. दोन्हीकडून हातवारे, चित्रं, फळ्यावरचे बाण, आणि मधूनमधून ज्याला जसं येईल तसं इंग्रजी. एका पालकानं काळजीनं विचारलं होतं, “पोलंडात इंग्लिश बोलत्यात ना?” गुरुजी म्हणाले, “आपल्याइतकंच.” पालक समाधानानं गेला.

गुरुजींना मात्र नात्याला इतिहास हवा होता. तो त्यांना कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात सापडला. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेले पाचेक हजार पोलिश लोक, बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ तिथल्या छावणीत राहिले होते. “त्यात नगरचा काय संबंध?” असं केंद्रप्रमुखांनी विचारलं. गुरुजी म्हणाले, “रेल्वे नगरवरून जाते.” त्या काळी कोण कोणत्या रेल्वेनं गेलं देव जाणे, पण केंद्रप्रमुख गप्प बसले. पोलंडच्या बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी घरी विचारलं, वाचनालयात धुंडाळलं आणि तिकडच्या वर्गात त्यावर अख्खा तास घेतला. अभ्यास दिला तो असा.

मी ज्या दिवशी बसलो होतो त्या दिवशी विषय होता ‘आपला परिसर’. तिकडून एका मुलीनं विचारलं, तुमच्याकडं हत्ती आहेत का? सगळ्या परदेशी पोरांचा हा पहिला प्रश्न असतो म्हणे. तिसरीतला एक जण उठला आणि बेफिकिरीनं म्हणाला, “हत्ती नाही. बिबट्या आहे. परवा आमची शेळी नेली.” गुरुजींनी भाषांतर केलं. पडद्यावर आधी शांतता, मग वीस-पंचवीस पोरं एकदम उठून कॅमेऱ्यापुढं. मग आमच्या पोरांनी साग्रसंगीत वर्ग घेतला: एकट्यानं शाळेला यायचं नाही, वाकून बसायचं नाही, अंधार पडला की मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावायची. कोणती गाणी, हेही लावून दाखवलं. रात्री पोलंडच्या बाईंची काळजीची मेल आली. गुरुजींनी दिलासा म्हणून वनखात्याच्या पिंजऱ्याचा फोटो पाठवला. पिंजरा रिकामा होता. दिलासा कितपत मिळाला असेल ते सांगता येत नाही.

मग मागं भिंतीला टेकून बसलेल्या पालकांतून एक जण पुढं आला. “गुरुजी, मपला एक प्रश्न. त्यांच्याकडं दुधाला काय भाव?” पोलंडच्या बाई गोंधळल्या. पण एका पोराच्या आजोबाकडं गाई होत्या. पुढच्या वेळी तो पोरगा कागदावर भाव लिहूनच आला. झ्लॉटीचे रुपये करायला सगळी वाडी शाळेत. भाव आपल्यापेक्षा बरा निघाला, पण आजोबांचा निरोप होता की डेअरीवाले लुटतात. वाडीला इतकं बरं वाटलं की त्या आठवड्यात प्रोजेक्टरच्या दुरुस्तीची लोकवर्गणी एका दिवसात जमली.

पोलंडच्या बाईंचा वाढदिवस वाडीनं केला तो आपल्या रिवाजानं. फाट्यावर दहा बाय पंधराचा फ्लेक्स. मधोमध बाई, मागून सूर्यकिरणं फुटलेली, खाली सरपंच, उपसरपंच, शाळा व्यवस्थापन समिती आणि काळे गॉगल घातलेले अकरा शुभेच्छुक. बाईंनी फोटो बघून आभार मानले आणि हे अकरा गृहस्थ शाळेत काय काम करतात असं विचारलं. गुरुजींनी लिहिलं, “सहकार्य.” त्यामागच्या नात्याला पोलंडमध्ये काय म्हणत असतील कोण जाणे.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. पोलंडशी बरं आहे, जपानशी येणंजाणं आहे, पण दीड किलोमीटरवरच्या पलीकडच्या वस्तीशाळेशी गुरुजींचं बोलणं बंद आहे. कारण एक पोर. ते राहतं दोन्ही वस्त्यांच्या मधल्या मळ्यात आणि पटावर आलं आमच्या. त्या शाळेतल्या गुरुजींचं म्हणणं, परदेशाचं आमिष दाखवून पळवलं. शिक्षक बँकेच्या निवडणुकीत दोघं समोरासमोरच्या पॅनलमध्ये, त्यामुळं समेटाची वाटही बुजलेली. बाई एकदा म्हणाल्या, “त्यांनाही लिंक पाठवा की, मधल्या ओढ्यापलीकडचा देश म्हणून.” गुरुजी तीन दिवस बाईंशीही तुटक वागले.

पण मी त्यांना उगाच चेष्टेवारी नेतो असं वाटत असेल तर कोयत्याच्या दिवसांत वाडीवर या. दसरा-दिवाळी झाली की पाथर्डीच्या या पट्ट्यातून ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात, पार कर्नाटकापर्यंत. उचल घेतलेली असते, मुकादम दारात उभा असतो. घरी आजी असली तर पोरं राहतात, नाही तर जातात. एका नोव्हेंबरात पोलंडची एक मुलगी दर वेळी विचारायला लागली, माझा जोडीदार कुठं आहे? तो गेला होता आईबापाबरोबर. दोनदा गुरुजींनी ‘आजारी’ सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांना सांगवेना. त्यांनी मुकादमाचा नंबर मिळवला, मुकादमानं आधी शिव्या दिल्या, मग बापाला फोन दिला. आणि दर बुधवारी कारखान्यावरच्या कोपीपुढं उभं राहून ते पोर मुकादमाच्या फोनवरून पोलंडशी बोलायला लागलं. मागं बैलं, वाढ्याचे भारे. तिकडं सगळ्यांना वाटलं, किती सुंदर सहल! तेव्हा मात्र गुरुजींनी जाकीट काढून ठेवलं आणि पोलंडच्या बाईंना फळ्यावर आकडे मांडून उचल म्हणजे काय ते समजावलं. त्या तासाला फोटो काढला नाही. पुढच्या वर्षी त्या पोराची आजी वाडीवरच राहिली, पोर शाळेत राहिलं; गुरुजींनी आजीला काय पटवलं ते दोघंही सांगत नाहीत.

मग व्हायचं ते झालं. ऑनलाइन बदल्यांची यादी लागली आणि गुरुजींना अकोले तालुका मिळाला. जिल्ह्याचं दुसरं टोक, जिथं रेंज शोधायला टेकडी चढावी लागते. ही बदली कशी होते, कोण करतं आणि का, हे पोलंडच्या बाईंना समजावताना गुरुजी प्रथमच हरले. भागीदारी दोन शाळांची आहे, असं त्या म्हणत होत्या. इकडं बाईंनी कपाळाला हात लावला, कारण घड्याळं, पासवर्ड आणि पोलंड आता त्यांच्या गळ्यात येणार होतं.

महिन्याभरानं वरच्या कार्यालयात परदेशी तिकिटं लावलेलं एक पाकीट आलं. चोवीस पोरांच्या सह्या. आमच्या शिक्षकांना हलवू नये अशी मोडक्या इंग्रजीत विनंती. पाकिटावर आवक क्रमांक पडला, ते ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ खाली निघालं, तालुक्यावरून केंद्रावर आलं आणि शेवटी गुरुजींच्याच हातात पडलं: सदर पत्राबाबत आपला लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.

गुरुजींनी दिला. मी स्वतः वाचला. “सदर विद्यार्थ्यांना मी पत्र लिहिण्यास प्रवृत्त केलेले नाही. ‘अडचण असल्यास वरिष्ठांस विनंती अर्ज लिहिणे’ हा घटक चौथीस शिकवीत असताना सदर विद्यार्थी ऑनलाइन उपस्थित होते. त्यांनी तो मनावर घेतला. माझ्या वर्गातील विद्यार्थ्यांनी अद्याप घेतलेला नाही. सदर देश माझ्या केंद्रात येत नसल्याने त्यावर माझे नियंत्रण नाही. माहितीस्तव सविनय सादर.”

आठ दिवसांनी खुलासा परत आला. वर लाल शाईत शेरा होता: अपूर्ण. पोलंडच्या शाळेचा यू-डायस क्रमांक जोडून फेरसादर करावा.