पाव किलोचं लक्षण

असा मेहुणा तुम्हालाही असेलच. सरकारी भरतीच्या जाहिरातीत जे छापलेलं नसतं, नेमकं तेच हा वाचून दाखवतो. आमचा साताऱ्यात असतो आणि रात्री साडेदहाला सांगलीला फोन करतो.

"दाजी, वेबसाइट बंद पडलीय."

"मग?"

"मग काय मग! आत यादी चढवतायत. अर्धा किलो धरून चाला."

अर्धा किलो म्हणजे कंदी पेढे. त्याची आशा याच मापानं मोजायची. हॉलतिकीट आलं, पाव किलो. आक्षेप मान्य झाला, अर्धा. एकदा शुद्धिपत्रकात नुसती एक वेलांटी सुधारली. "कुणीतरी मन लावून वाचतंय, दाजी. पाव किलो!" या हिशेबानं आजवर माझ्या नावावर अकरा-बारा किलो तरी निघतात. पोचला एकही नाही. उलट इकडून भडंगाचे पुडे मात्र नेमानं जातात.

मार्च 2019 मध्ये जिल्हा परिषदांची गट क ची जाहिरात आली. शुल्क भरलं, परीक्षा काही होईना. "नकार असता तर एव्हाना कळवला असता," हा म्हणायचा. बायको म्हणाली, "मुलीकडच्यांचा निरोप आला नाही की हेच म्हणतो." 2022 मध्ये ती भरतीच रद्द झाली. "रद्द म्हणजे जागा वाढवून आणणार!" आणि 2023 मध्ये खरंच 19,460 जागांची जाहिरात निघाली. हा माणूस अधूनमधून बरोबर ठरतो, हेच सहन होत नाही.

त्याच वर्षी वयोमर्यादा दोन वर्षांनी वाढली. हा तेव्हा एकोणचाळिशीत. "मंत्रालयात माझी जन्मतारीख कुणाला तरी पाठ आहे. पाऊण किलो!" मग तलाठ्याच्या 4,644 जागा आल्या. दहा लाखांवर अर्ज. केंद्र आलं थेट विदर्भात. "आत्तापासनंच बदलीची सवय लावतायत."

जानेवारी 2024 मध्ये तलाठी परीक्षेचा निकाल लागला. गुणांच्या सामान्यीकरणानं कुणाला तरी 200 पैकी 214 पडले होते. मी खदखदून हसलो. पलीकडून बराच वेळ आवाज नाही.

"दाजी, पैकीच्या पण वर गेल्यावर मी अर्थ कशाचा लावू?"

किलोची भाषा नाही. पुढे महिनाभर फोन नाही. रात्री साडेदहाला मीच उगाच मोबाइल उलटासुलटा करायचो. कबूल करायला जड जातं, पण चुकल्यासारखं व्हायचं.

परवा एसटीनं एक पुडकं आलं. पाठोपाठ फोन. "2019 च्या शुल्काचे पैसे परत आले, दाजी. सरकारकडनं माझ्या खात्यावर जमा. पहिल्यांदाच!"

पुडक्यात कंदी पेढे होते. बायको देवापुढे ठेवायला गेली, तेवढ्यात मी काट्यावर ठेवून पाहिले. पाव किलोला वीस ग्रॅम जास्त भरले.

आता हे वरचे वीस ग्रॅम कशाचे असतील?