रुमालाची वहिवाट

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील एसटी गाड्यांत स्त्रियांसाठी राखीव असलेल्या आसनाचा खरा धारक कोण, याचे उत्तर खिडकीवर रंगवलेल्या अक्षरांत शोधणे व्यर्थ असून ते आसनावर पडलेल्या रुमालात सापडते. गाडी फलाटाला लागण्यापूर्वीच एक पुरुषी हात खिडकीतून आत जातो, रुमाल टाकतो आणि तत्क्षणी वहिवाट, म्हणजे प्रत्यक्ष ताब्याच्या बळावर मिळणारा हक्क, सिद्ध होते. बांधाच्या वितीवरून तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या या मुलखात इतक्या स्वस्तात आणि बिनतक्रार मिळणारा दुसरा हक्क नाही.

कायद्याच्या अभ्यासकांनी मात्र रुमालाची अक्षम्य उपेक्षा केली आहे. एसटीला लागू नसले तरी रेल्वेचेच उदाहरण घ्या: रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 58 नुसार प्रवासी गाडीत स्त्रियांसाठी डबे वा आसने राखून ठेवावी लागतात, आणि कलम 162 नुसार अशा जागी जाणूनबुजून शिरणाऱ्या पुरुषास 500 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. येथे ‘पुरुष’ हा शब्द निर्णायक आहे, कारण रुमाल हा पुरुष नव्हे, तो दाराने शिरत नाही आणि त्यास जाणीव असल्याचा पुरावा उपलब्ध नाही. बारा वर्षांखालील मुलास महिला डब्यात आईसोबत बसण्याची जी मुभा आहे, ती रुमालास लागू करावी असे कोणी सुचवील, परंतु बहुतेक रुमालांचा रंग पाहता त्यांनी ती वयोमर्यादा केव्हाच ओलांडलेली दिसते. शिवाय रुमालांतही उतरंड असते. वर्तमानपत्र हा दुर्बळ दावा, कारण ते वाऱ्याने उडते किंवा शेजारी वाचायला घेतो. टॉवेल दोन आसने व्यापतो, म्हणून तो सहकुटुंब दावा समजावा. टोपीला तर कोणी हातच लावत नाही, कारण तिच्याखाली कोणाचे डोके निघेल याचा नेम नसतो. (आमदारांसाठीच्या आसनावर रुमाल टाकावा लागत नाही, तेथे मूळ हक्कदार येण्याची भीती नसते.)

दारातून रीतसर चढलेली बाई ‘दादा, ही बायकांची सीट आहे’ असे म्हणते, तेव्हा ‘रुमाल दिसला नाही का?’ असा प्रतिप्रश्न येतो, कंडक्टर ‘घ्या ताई सांभाळून’ म्हणत पुढे सरकतो, आणि रुमालाचे मालक नागठाणे येण्यापूर्वी गाढ झोपतात. ही झोप अभ्यासण्याजोगी आहे, कारण ती उंब्रजच्या गर्दीत गडद होते आणि कराडच्या वड्याच्या वासाने तत्काळ उतरते.

17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीच्या तिकिटात 50 टक्के सवलत लागू झाल्यावर या झोपेला तत्त्वज्ञानाची जोड मिळाली: तिकीट अर्धे, तर पूर्ण सीट कशाला? या न्यायाने 65 वर्षांवरील वडिलांनाही, ज्यांचे तिकीट अर्धेच असते, अर्ध्या बाकावर टेकवावे लागेल आणि 75 वर्षांवरील आजोबांना, ज्यांचा प्रवास मोफत आहे, टपावर चढवावे लागेल. पण तेथे हा न्याय कोणाला आठवत नाही. तो आठवतो तो रात्रपाळी करून ईश्वरपूरला परतणाऱ्या परिचारिकेसमोर, आष्ट्याहून भाजीची पाटी घेऊन सांगलीला निघालेल्या बाईसमोर, जी पोटुशी पोर वरचा दांडा धरून 50 किलोमीटर उभी असते तिच्यासमोर. तिला उठून जागा देणे हा उपकार नव्हे. ती जागा तिचीच होती आणि ती एका मळक्या फडक्याने भरदिवसा, भरल्या गाडीत, सर्वांच्या देखत बळकावली गेली. ही निव्वळ निर्लज्ज चोरी होय, आणि खिडकीबाहेर पाहणारे उरलेले प्रवासी तिचे साक्षीदार नसून भागीदार होत.

वाहकांनी यापुढे राखीव आसनावरील प्रत्येक रुमालाचे पूर्ण तिकीट फाडावे. रुमाल महिला नसल्याने त्यास सवलत लागू होत नाही.