वेड लागावं तर कड्यांचं

खानदेशात व्यवहारी शहाणपणाला कधीच तोटा नव्हता. केळीचा घड कधी कापायचा, कापूस कधी विकायचा आणि कधी घरात भरून ठेवायचा, सोन्याचा भाव किती उतरला की सराफ बाजाराची पायरी चढायची, हे जळगावच्या माणसाला शिकवावं लागत नाही. धुळेकरही यात मागे नाही. अशा मुलखात एखादा गृहस्थ फ्लाय फिशिंगची काठी स्वतः बांधायला बसतो, तिच्यावर कोणत्या कड्या बसवायच्या यावर दिवसचे दिवस घालवतो, आणि सगळी गल्ली त्याला येडा ठरवते. मला त्या येड्याची स्तुती करायची आहे. ती मनापासून आहे आणि तिला कारणं आहेत.

आधी कड्यांचं काम समजून घेऊ. साध्या गळाला वजन असतं ते आमिषाचं किंवा शिशाच्या गोळीचं. गोळी फेकली की दोरा तिच्यामागे जातो. फ्लाय म्हणजे पिसं आणि धागे गुंडाळून केलेला नकली किडा. त्याला वजन जवळजवळ नसतंच, म्हणून इथं वजन दोरीलाच दिलेलं असतं. लेप चढवलेली ही जाडसर दोरी काठीच्या झोक्याबरोबर हवेत मागे-पुढे उलगडते आणि किड्याला अलगद पाण्यावर नेऊन ठेवते. काठीच्या अंगाला धरून ती ज्या कड्यांतून धावते, त्यांना गाईड म्हणतात. अगदी टोकाला बारीक नळीवर बसवलेली शेवटची कडी म्हणजे टिप-टॉप. मोटेच्या चाकावर नाडा जसा दिवसभर घासतो, तशी ही दोरी कड्यांवर घासते. म्हणून कड्या चुकल्या की उत्तम काठीसुद्धा वाया जाते.

लोकांचे आक्षेप खोटे नाहीत. ज्या ट्राउट माशासाठी ही विद्या वाढली, तो थंड पाण्याचा मासा. भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो; तापीत ट्राउट मिळायचा नाही. बाजारात तयार काठी मिळते आणि ती चालतेही. नदीकाठचा भोई किंवा पाड्यावरचा भिल्ल पोरगा बांबूच्या काठीच्या शेंड्याला दोरा बांधतो, गांडूळ लावतो आणि संध्याकाळच्या कालवणापुरते मासे घेऊन घरी जातो. त्याच्या काठीला एकही कडी नसते. मग कड्यांचा एवढा घोळ कशाला?

याचं उत्तर खानदेशानंच दिलेलं आहे. इतिहासाचार्य राजवाडे जुन्या कागदांसाठी गावोगाव फिरले. लोकांच्या माळ्यावर वाळवी खात असलेली दप्तरं मागत हिंडणारा माणूस त्या काळच्या शहाण्यांना कसा दिसला असेल, याची कल्पना करा. त्या हिंडण्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड उभे राहिले. १९२६ मध्ये ते धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. चाळीसगावचे केकी मूस वर्षानुवर्षं घराबाहेर फारसे पडलेच नाहीत. टेबलावर साध्या वस्तू मांडून, त्यांवर उजेड-सावली जुळवून ते छायाचित्रं घेत राहिले, आणि त्या टेबलटॉप छायाचित्रांनी त्यांचं नाव जगभर नेलं. दोघांनीही जे केलं त्यात तात्काळ फायदा काही नव्हता. बारीक गोष्ट बरोबर होईपर्यंत तिला न सोडण्याचं वेड मात्र होतं. कड्या निवडणारा माणूस त्यांच्या तोलाचा नसेल, पण त्याच घराण्यातला आहे.

आता त्याचं वेड किती काटेकोर असतं ते पाहा. जुना ठोकताळा असा, की काठी जितकी फूट तितक्या कड्या आणि वर एक. म्हणजे ९ फुटी काठीला किमान १० गाईड, टिप-टॉप वेगळी. मुठीच्या बाजूची पहिली कडी सगळ्यांत मोठी असते. तिला स्ट्रिपिंग गाईड म्हणतात. दोरी हातातून थेट तिच्यात शिरते, म्हणून ती आपल्या मोकळ्या हाताच्या टप्प्यात हवी. कारखाना ती सरासरी माणसाच्या हातासाठी लावतो. स्वतः बांधणारा स्वतःच्या हातासाठी लावतो. पुढच्या कड्या शेंड्याकडे लहान होत जातात आणि त्यांच्यातलं अंतरही कमी होत जातं, कारण काठी तिथं जास्त वाकते.

या पुढच्या कड्यांचे मुख्य प्रकार दोन. स्नेक गाईड म्हणजे वळसा दिलेली तार, दोन्ही टोकांना पाय. सिंगल-फूट म्हणजे एकाच पायाची कडी. एका पायाला एकच गुंडाळी लागते, धागा आणि इपॉक्सी कमी लागतं, काठी हलकी राहते. शेंड्याजवळचं जरासं वजनसुद्धा हाताला जाणवतं. काठी आळसावते आणि झोक्यानंतर उशिरा स्थिर होते. उलट स्नेक गाईडची पकड दोन पायांची, दगडधोंड्यांतल्या वापराला भरवशाची. भोकाचा आकारही विचारात घ्यावा लागतो. फार लहान कडीत दोरीचा जोड अडकतो आणि ओली दोरी चिकटते. फार मोठी कडी वजन वाढवते. ज्या पाण्यात गाळ आणि शेवाळ आहे, तिथं मी एक नंबर मोठी कडी सुचवीन. टिप-टॉपचं भोक शेजारच्या कडीपेक्षा लहान नसावं, नाहीतर आधीच्या सगळ्या कड्यांनी मोकळी केलेली वाट शेवटच्या दारात बंद होते.

टिप-टॉपच्या नळीचं माप इंचाच्या ६४व्या भागात मोजतात. ५ नंबर म्हणजे ५/६४ इंच, जवळपास २ मिलिमीटर. एवढ्याशा मापासाठी हा माणूस व्हर्निअर कॅलिपर घेऊन शेंडा पुन्हा पुन्हा मोजतो, आणि ते बरोबरच आहे. नळी दाबून बसवली तर शेंडा चिरतो, फार सैल असली तर हलते. ती बसवायची उष्णतेनं मऊ होणाऱ्या डिंकानं. इपॉक्सीनं बसवली तर पुढं कधी कडी झिजल्यावर ती काढताना शेंडाच हातात येतो. मात्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद गाडीत काठी ठेवू नये, डिंक मऊ पडू शकतो.

सगळ्यांत सुंदर भाग परीक्षेचा. कड्या आधी पक्क्या करायच्या नाहीत. सायकलच्या वालट्यूबचे बारीक तुकडे कापून त्यांनी त्या काठीवर तात्पुरत्या अडकवायच्या, दोरी ओवायची, टोकाला वजन बांधून काठी वाकवायची आणि बाजूला उभं राहून बघायचं. दोरी काठीच्या बाकाला धरून गेली पाहिजे. जिथं ती बाक सोडून सरळ रेषेत पळते किंवा एखाद्या कडीवर कोन करते, तिथली कडी सरकवायची आणि पुन्हा वाकवायची. छापील तक्त्यातली अंतरं फक्त सुरुवातीला उपयोगी. शेवटचा निकाल समोरच्या काठीचा. हे करताना शेजारी गच्चीवरून बघतात आणि हसतात. हसू द्यावं. कारण त्या क्षणी तो माणूस अंदाज सोडून पुराव्यावर चालत असतो, आणि हे शहाण्यांच्या व्यवहारातही रोज घडत नाही.

या वेडाला खानदेशची माती अनोळखी नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बांबूच्या चिरफळ्या चिकटवून काठ्या होऊ लागल्या, तेव्हा त्यासाठी भारतातून जाणारा बांबू ‘कलकत्ता केन’ या नावानं ओळखला जायचा. पुढं चीनच्या टोंकिन बांबूनं त्याची जागा घेतली. तो भारतीय बांबू मुख्यतः ज्या जातीचा, ती जात म्हणजे आपला मानवेल, आणि मानवेल सातपुड्यात उगवतो. जुन्या उंची काठ्यांच्या स्ट्रिपिंग गाईडमध्ये अकीकाची कडी बसवत. अकीक हा दख्खनच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत तयार होणारा दगड. याच खडकातून निघालेले जळगावचे अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. अकीक कठीण आणि गुळगुळीत असतो, दोरीला सांभाळतो. पण आपटला तर तडकतो. तो धातूच्या कड्यात बसवण्याचं कसब म्हणजे कोंदणाचं कसब, आणि ते जळगावच्या सराफ बाजारात पिढ्यान्‌पिढ्या नांदतं आहे. कुणी हौसेनं चांदीची कडी करून मागेल, तर कारागिरानं त्याला नाही म्हणावं. चांदी मऊ आहे. दोरीवर बसलेली नदीची बारीक रेती तिच्यात खाच पाडील आणि ती खाच पुढं दोरी खाईल. रोजच्या कामाला कठीण क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी तार पुरते.

कडीला खाच पडली की नाही, हे पाहण्याचं साधन आपल्या घरातच आहे: कापूस. कापसाचा बोळा कडीतून फिरवावा. तंतू अडकला तर कडी बदलावी. डोळ्याला न दिसणारी चीर कापूस दाखवतो.

बांधणीलाही इथलं हवामान ओळखावं लागतं. कडीचा पाय कानशीनं घासून टोकाला पात्यासारखा करावा, म्हणजे धागा पायरी न पडता त्यावर चढतो. वरून दोन भागांचं इपॉक्सी समप्रमाणात मिसळून लावायचं आणि ते ओघळू नये म्हणून काठी सावकाश फिरवत ठेवायची. उष्णतेत इपॉक्सी लवकर आवळतं. म्हणून वैशाखात हे काम दुपारी करू नये. पहाटे, वारा आणि धूळ उठायच्या आत करावं.

एक भेद मात्र सांगितला पाहिजे. सगळंच वेड स्तुतीला पात्र नसतं. सर्वांत महाग कड्या मागवल्या, सोनेरी मुलाम्याच्या आहेत म्हणून लावल्या आणि काठी एकदाही वाकवून पाहिली नाही, ही नुसती खरेदी झाली. तिची स्तुती दुकानदार करील. माझी स्तुती आहे ती स्वस्त कडी नीट जागी बसावी म्हणून गुंडाळलेला धागा उलगडून पुन्हा गुंडाळणाऱ्यासाठी.

आणि काठी झाल्यावर तिला पाणी दाखवावं. गिरणा, वाघूर, पांझरा, तापी आहेत. हतनूरचं ४१ दरवाजांचं धरण आहे. मरळ पृष्ठभागावरच्या बेडकावर झडप घालतो, म्हणून पिसांच्या बेडकालाही तो फसू शकतो. महसीर लागला तर त्याला पाण्याबाहेर फार वेळ न ठेवता सोडून द्यावं, कारण तो मासा आता नद्यांत कमी उरला आहे. जलाशयांत मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. त्यांच्या पोटाचा प्रश्न आपल्या हौसेच्या आधी येतो, म्हणून परवानगी घेऊनच काठी काढावी. यावल अभयारण्यात मासे आणि बांबू दोन्हींना हात लावायचा नाही.

काठाला कडी नसलेली काठी घेऊन बसलेला भोई भेटेल, त्याच्याशी बोलावं. पाणी कुठं खोल आहे, मासा कोणत्या वेळी वर येतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. त्याचं ज्ञान पाण्याचं, याचं काठीचं. दोघांनाही बारकाव्याची भूक सारखीच.

खानदेशात आयटीआय आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, कोंदणाचे आणि तारकामाचे कारागीर आहेत, सुट्टीत मोबाइलवर दिवस घालवणारी हुशार पोरं आहेत. ज्याला कड्यांचं हे वेड आहे, त्यानं एका तरी पोराला शेजारी बसवून काठी वाकवून दाखवावी, कडी सरकवायला लावावी आणि ती का सरकवली हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यावं. आणि ज्यांना हे वेड नाही, त्यांनी निदान हसण्याआधी एकदा ती काठी हातात घेऊन झोका देऊन पाहावा. बरोबर बसलेली कडी हाताला लगेच कळते.