आवाज अधिक आवाज

आमच्या गल्लीच्या दोन्ही टोकांना एकेक गणेशमंडळ आणि आमचं घर बरोबर मधोमध. अशा माणसाला पदार्थविज्ञानातलं एक आश्वासन फार गोड वाटतं: दोन आवाज भेटले की काही ठिकाणी चक्क शांतता होते. याला व्यतिकरण म्हणतात. थॉमस यंगने १८०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ते प्रकाशाच्या बाबतीत मांडलं. त्याच्या गल्लीत मंडळं नसावीत.

हिशोब सोपा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर धावतो. ५० हर्ट्‌झच्या बेसची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब. एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा साडेतीन मीटर दूर पडला, की एकाच्या लाटेचा चढ दुसऱ्याच्या उतारावर येतो आणि दोघं एकमेकांना खातात. मधोमध मात्र चढावर चढ. तिथे माझी खुर्ची. तिथून पावणेदोन मीटर सरकलं की शांतता. आणि बरोबर तिथे आमचं न्हाणीघर आहे. दहा दिवस तिथे बसायचीही माझी तयारी होती.

पण शास्त्राची अट अशी, की दोन्हीकडे एकच सूर, एकाच वेळी, एकाच जोराने वाजला पाहिजे. आमच्याकडे अलीकडे अभंग लागला की पलीकडे कोळीगीत सुरू होतं. अशा वेळी लाटा एकमेकींना खात नाहीत, नुसती बेरीज होते: तीन डेसिबल जास्त. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांत आहे. ती आमच्याकडे आरतीतल्या पहिल्या झांजेलाच संपते.

यावर उपाय सांगितला साउंडवाल्या पोराने. "काका, दोन्हीकडं एकच गाणं लावा अन् एका बाजूची वायर उलटी जोडा. मधोमध बेस मरतोय बघा."

मी दोन्ही अध्यक्षांना चहाला बोलावलं. वर्गणीपासून मिरवणुकीच्या मार्गापर्यंत कशावरही ज्यांचं जमलं नाही, त्यांनी एका गाण्याला तासाभरात होकार दिला. मग प्रश्न आला वायरचा. शास्त्राला कोणाचीही उलटी वायर चालते. मंडळांना फक्त समोरच्याची चालते. "आमची का म्हणून उलटी?" असं दोघंही एकाच वेळी, एकाच सुरात, एकाच जोराने ओरडले, आणि मी होतो मधोमध.