प्रथिनांचं त्रैराशिक

निवृत्त झालेल्या गणिताच्या मास्तरानं शिकवण्या घ्याव्यात, फार तर बचत गटाचे हिशेब तपासावेत. मी लातूरजवळच्या आमच्या शेतात यॉर्कशायर डुकरं पाळली. भावकीत यावर जी चर्चा झाली ती छापण्याजोगी नाही. एका मेहुण्यानं तेवढी 'निदान पांढरी तरी आहेत' असं म्हणून माझी बाजू घेतली.

माद्या व्यायल्या, पिल्लं गुटगुटीत झाली, आणि आईच्या दुधाचं सगळं श्रेय मी घेतलं. मग दूध तोडायची वेळ आली. पिल्लांचं तयार खाद्य महाग. पोत्यावर छापलेली प्रथिनांची टक्केवारी वाचली आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. सोयाबीनच्या दाण्यात ३६ ते ४० टक्के प्रथिनं असतात, आणि घरचं सोयाबीन तर भाव चढायची वाट बघत पडूनच होतं. त्रैराशिक मांडलं, मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा आणि कच्चं सोयाबीन दळून एकत्र केलं, उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

पिल्लांनी पेपर तपासला आणि निकाल पातळ लावला. शेड धुता धुता माझी कंबर गेली. बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, पोरांचं एक दुपटं कधी धुतलं नाहीत. आता फेडा!"

पशुवैद्यक आले. पिल्लांना औषधपाणी केलं, मग चिमूटभर खाद्य हुंगून बघितलं.

"सर, हे कच्चं आहे."

"डुक्कर काय वाटेल ते खातं की!"

"मोठं खातं. हे तान्हं आहे."

मग माझी शिकवणी झाली. रानात डुकरीण तीन-चार महिने हळूहळू पिल्लांचं दूध तोडते. आपण एका सकाळी आईच उचलून नेतो. भेदरलेलं पिल्लू खात नाही, आणि त्या उपवासात आतड्याच्या आतली बारीक लव आखूड होते. पोटात आम्लही पुरेसं नसतं. त्यात कच्च्या सोयाबीनमधला ट्रिप्सिन इनहिबिटर प्रथिनं फोडणाऱ्या पाचकरसाला कामच करू देत नाही. न पचलेली प्रथिनं मोठ्या आतड्यात जातात आणि तिथं जंतूंची पंगत बसते.

"तुमचं गणित बरोबर आहे सर," ते म्हणाले, "फक्त पिल्लांना ते येत नाही."

उपाय सोपा होता: सोयाबीन नीट भाजायचं. मी चुलीवर मोठी कढई चढवली. गावातली पोरं फुटाणे मिळतील म्हणून रांगेत उभी राहिली. भाजणं जमलं की नाही हे बघायची एक चाचणी असते: सोयाबीनची पूड युरिया आणि फिनॉल रेडच्या द्रावणात टाकायची, कच्ची असेल तर ती लालेलाल होते. माझ्या पुडीत लाल ठिपका औषधालाही नव्हता. पैकीच्या पैकी! बशी मिरवत मी डॉक्टरांकडे नेली.

"करपवलंत," ते म्हणाले. चार-दोन लाल ठिपके दिसायलाच हवेत. एकही नाही म्हणजे आच जास्त झाली, आणि ज्यावाचून पिल्लू वाढत नाही ते लायसिनही खराब झालं. हगवण थांबली होती, हे खरं. वाढही थांबली होती.

बरं, नीट भाजलेलं सोयाबीनही सुरुवातीला बेतानंच द्यायचं. त्यातली ग्लायसिनिनसारखी काही प्रथिनं कोवळ्या आतड्याला सोसत नाहीत, म्हणून पहिले काही दिवस दूध पावडर आणि फिशमीलवर भर. युरोपात ही हगवण झिंक ऑक्साइडच्या मोठ्या मात्रेनं आवरत असत. जून २०२२ पासून युरोपीय संघानं तेही बंद केलं, आणि माणसांपेक्षा डुकरं जास्त असलेला डेन्मार्कसुद्धा पिल्लांच्या खाद्यातली प्रथिनं कमी करायच्या मागे लागला. हे ऐकून मला फार बरं वाटलं. डेन्मार्क आणि मी एकाच चिखलात!

हल्ली पिल्लं दूध पावडर खातात आणि आम्ही कोरा चहा पितो. पिल्लांची वजनं मी वहीत मांडतो, खाली दोन रेघाही मारतो. बायको ती वही डॉक्टरांना दाखवून आणते, मगच मला पुढचं पोतं फोडू देते.