भाकरीला बरे दिवस

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आणि आमच्या घरातली अंमलबजावणी मी अंगावर घेतली. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला होता, हे निमित्त. खरी गोष्ट अशी की आमच्या सोसायटीत एकाही पुरुषाला भाकरी थापता येत नव्हती, आणि निवृत्त माणसाला इतकी मोक्याची जागा पुन्हा रिकामी मिळत नाही.

भाकरीवर जरा बोलू द्या. घरात कुणी बोलू देत नाही. ज्वारी मालदांडीच हवी, शक्यतो मंगळवेढ्याची. पीठ ताजं. शिळ्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापता थापता कडेनं उलते. ज्वारीत ग्लूटेन नसतं, म्हणून पीठ कढत पाण्यानं भिजवायचं आणि तळहातानं रगड रगड रगडायचं. थापताना भाकरी परातीत आपसूक फिरली पाहिजे. तव्यावर टाकली की पिठाची बाजू वर. तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत भाकरी उलटायची. मग जाळावर टम्म फुगते. फुगली की मी फोटो काढतो. "फोटो झाला असेल तर ओटा पुसा," असं बायको म्हणते. तो विषय मी अजून अभ्यासाला घेतलेला नाही.

आमच्या लहानपणी गव्हाची पोळी सणाची, पाहुण्यांची. एरवी झालीच, तर आधी वडिलांच्या ताटात. १९७२च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो आली, तिच्याही भाकऱ्या आईनं चुलीपुढे बसून थापल्या. सगळ्यांची पानं उठल्यावर ती उरलेला, मोडका तुकडा घेऊन बसायची. तिचा फोटो कुणी काढला नाही. मीही नाही.

परवा तिच्या पानात माझी सर्वांत देखणी भाकरी वाढली आणि फायबरचं महत्त्व सांगायला घेतलं. तिनं पापुद्रा बोटानं उचलून पाहिला. "चांगली साधलीय रे," म्हणाली. मग सुनेकडे वळून, "पोळी आहे का गं एखादी?"

"आजी, पोळीनं शुगर वाढते," आमची कन्या.

"वाढू दे. पोळी खायला मिळावी म्हणून तर तुझ्या बापाला शिकवला."

बायकोनं तूप जरा जास्तच सोडून पोळी वाढली. माझी भाकरी कन्येनं खाल्ली, वर पिझ्झाचा सॉस आणि चीज घालून.