मागं शीटच नाही

मोटार घेताना आमच्या जळोचीत मायलेजचा प्रश्न दुसरा येतो. पहिला प्रश्न, "माणसं किती बसत्यात?" कागदावर आसनक्षमता काहीही लिहिलेली असो, सोमवतीला जेजुरीला जाताना आत किती कोंबली गेली आणि तरी दार लागलं का, यावर गाडीचा भाव ठरतो. अशा गावात मी दोनच माणसांची, टप उघडणारी, जुनी स्पोर्ट्स कार बघायला निघालोय हे घरात कळलं. आई शांतपणे म्हणाली, "मग मी कशात बसायचं?" बायकोनं काही विचारलं नाही, कारण दुसरी सीट आपलीच हे तिनं धरूनच चाललं होतं. मुलानंही तेच धरलं होतं. दोघांना एकमेकांचा बेत कळला, तेव्हा गाडी न बघताच तिची निम्मी किंमत उतरली.

गाडी होती सॅन स्टॉर्म. नाव विलायती, जन्म गोव्याचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सनं ती काढली. अंग फायबरचं, खाली पोलादी चौकट, इंजिन फ्रान्सच्या रेनॉचं. ११४९ सीसी, ६० अश्वशक्ती. तिकडं ट्विंगो आणि क्लिओ या घरगुती गाड्यांत याच घराण्याचं इंजिन असायचं. म्हणजे धाव बेताची आणि दिसणं मात्र जोरदार. रस्त्यावर आधीच थोड्या आल्या, आता तर दिसतच नाहीत. जुन्या गाडीचा भाव काढायचा तर तशाच चार गाड्यांचे भाव काढून बघावेत, असा नियम आहे. इथं पुणे जिल्ह्यात दुसरी कुठं आहे याचाच पत्ता नव्हता.

ही एक होती भिगवण रोडला, गोव्यात नोकरी करून परतलेल्या एका साहेबांच्या बंगल्यात. बघायला एकट्यानं जाण्याची पद्धत आमच्यात नाही. दाजी आले, ते जनावरांचे व्यापारी. मेस्त्री आला, त्याची हयात इथल्याच एमआयडीसीत बनणाऱ्या आपे रिक्षांखाली आडवं पडण्यात गेली. आणि गवंडीकाम करणारे अण्णा आले. ते कशासाठी, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. जीपमध्ये एक जागा होती म्हणून आले.

दाजींनी गाडीला एक फेरी मारली आणि साहेबांना विचारलं, "ताकद किती?"

"साठ एचपी."

"आमच्या ट्रॅक्टरला पंचावन्न हाय. दोन ट्रॉल्या ऊस ओढतो. ही काय ओढती?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "स्वतःला," मी म्हणालो.

मेस्त्रीनं खिशातून जुन्या स्पीकरचं चुंबक काढलं. सेकंडहँड गाडी तपासण्याचा हा त्याचा हुकमी उपाय. पत्रा असेल तिथं चुंबक चिकटतं, अपघातानंतर लांबी भरली असेल तिथून सुटतं. त्यानं बॉनेटला लावलं, पडलं. दाराला लावलं, पडलं. डिकीला, मडगार्डला, सगळीकडून पडलं. तो दोन पावलं मागं सरला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "घेऊ नगा. सबंध गाडीच लांबीची हाय."

फायबर असंच असतं, हे मी त्याला समजावलं. अमेरिकेत १९५३ साली कॉर्व्हेट निघाली, तीही फायबरचीच, पहिल्या वर्षी ३०० बनवल्या, आज लोक त्या जपून ठेवतात. मेस्त्रीनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तिकडं उसाच्या ट्रॉल्या असत्यात का रस्त्याला?"

फायबरची गाडी बघायची रीतच वेगळी. पत्र्याला पोचा येतो, फायबर तडकतं. म्हणून दाराच्या कोपऱ्यांशी, बॉनेटच्या कुलपापाशी रंगात बारीक भेगा गेल्यात का बघायच्या. बोटाच्या पेरानं ठोकत जायचं. आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ आला तर आतले थर सुटलेत. वरून गंज कधीच दिसत नाही, आणि यातच फसगत होते. अंग पंचवीस वर्षांनीही गुळगुळीत राहतं. खालची पोलादी चौकट मात्र गोव्याची खारी हवा खाऊन भुसा झालेली असू शकते. मेस्त्री स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली शिरला आणि टोचत राहिला. एवढ्या बुटक्या गाडीखाली शिरायची त्याला सवय नव्हती. अर्धा तास त्याचे फक्त पाय दिसत होते.

अण्णांचा उपयोग इथं कळला. अपघातात चौकट वाकली असेल तर ती डोळ्यांना दिसत नाही. अण्णांनी पिशवीतून ओळंबा काढला, चारी कोपऱ्यांच्या ठरावीक जागांवरून फरशीवर खुणा पाडल्या आणि सुतळीनं आडवी-तिडवी मापं घेतली. खोलीचे कर्ण जुळले की भिंती काटकोनात. कर्णांत एक सुताचा फरक निघाला. "एवढं तर आमच्याकडनंबी व्हतं," अण्णा म्हणाले. गेली वीस वर्षं माझ्या स्वयंपाकघरातलं कपाट भिंतीला का टेकत नाही, याचाही त्या वाक्यात उलगडा झाला.

टप नसलेल्या गाडीची आणखी एक परीक्षा असते. वर छप्पर नसल्यामुळं गाडीचा सगळा पीळ खालच्या चौकटीवर येतो. म्हणून एक चाक जॅकवर उचलायचं आणि दार उघडून लावून बघायचं. लागलं तर कंबर शाबूत. लागलं. त्यानंतर साहेबांनी आपणहून ताडपत्रीचं छप्पर चढवून दाखवलं. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या ओढताना ते घामाघूम झाले. वर पाण्याचा पाईप सोडून गळती बघा, असं मी सुचवलं. मे महिन्यात गाडीच्या टपावर पाणी ओतायचं या कल्पनेनं सगळेच गप्प झाले. "तालुक्यात पाऊस हाय कुठं गळायला?" दाजी म्हणाले. खरंय. पर्जन्यछायेतला तालुका म्हणजे उघड्या गाडीला उत्तम हवामान, फक्त डोक्यावरच्या ४१ अंशांचं काय करायचं ते ज्याचं त्यानं बघावं.

मग चक्कर. मी आणि साहेब आत बसलो, पंचमंडळ जीपमधून मागं. गाडी इतकी बसकी की शेजारून जाणाऱ्या ट्रॉलीचं चाक माझ्या कानाशी. कोपऱ्यावरची एक म्हातारी थांबली, कळवळून म्हणाली, "लेकरा, वरचा पत्रा कुठं सांडला रं?" मात्र मोकळ्या पट्ट्यात तिसरा गिअर पडला, इंजिन गुरगुरलं, कालव्याकडचं गार वारं थेट तोंडावर आलं आणि मला पुढचे हिशेब नकोसे झाले. स्पीडब्रेकरनं त्यांची खालून आठवण करून दिली.

कागदांकडं वळलो. पासिंग गोव्याचं. तिकडची एनओसी, चेसी नंबरची पेन्सिलनं घासलेली प्रिंट, महाराष्ट्राचा कर, वर पंधरा वर्षं उलटल्यामुळं पर्यावरण कर आणि नोंदणीचं नूतनीकरण. त्याचीच फी २०२२ साली ६०० वरून ५,००० झालेली. एमएच-४२ ची पाटी लागेपर्यंत काय काय लागेल ते एका एजंटानं कागदावर मांडून दिलं. आसनक्षमतेच्या रकान्याशी थबकून तो म्हणाला, "इथं दोन पडलंय. चुकून झालं असंल, चार करून घेऊ?"

दोन सीटांची हौस मराठी माणसाला नवी नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 'मीरा' ही छोटी मोटार स्वतःच्या हिकमतीनं बनवली, तिचा पहिला नमुनाही दोघांचाच होता. हे मी घरी सांगितलं. आई म्हणाली, "त्यांच्या आईला विचारलं होतं का?"

आमचा सौदा तुटला तो त्या सीटवरच. बायको आणि मुलगा पाळीपाळीनं बसायला कबूल झाले होते, आई देवळापुरती. पण दाजी निघाले रुसून, कारण पारख त्यांनी केली आणि वाटणीत त्यांचं नावच नाही.

गाडी गेली, लग्नाला घोडे आणि डीजे पुरवणाऱ्या एका माणसाकडं. तो आला, चुंबक नाही, ओळंबा नाही, बॉनेटही उघडलं नाही त्यानं. पंचांगातल्या लग्नतिथी बोटांवर मोजल्या आणि साहेबांना एवढंच विचारलं, "मागं शीट न्हाई हे नक्की ना? न्हाईतर करवल्या चढून बसत्यात."